फ्लोअर प्लॅनमधल्या रेघांपासून चालता येणाऱ्या नकाशापर्यंत

फोनवरचा नकाशा आपल्याला मोठ्या रुग्णालयाच्या मुख्य दारापर्यंत बिनचूक आणून सोडतो. आत शिरलो की निळा ठिपका भरकटतो आणि पडद्यावर इमारतीच्या जागी नुसता एक करडा चौकोन उरतो. ठिपका का भरकटतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा सिग्नल फारच क्षीण झालेला असतो, आणि उरलासुरला सिग्नल काँक्रीटचे स्लॅब अडवतात. त्यावर वाय-फाय आणि ब्लूटूथ बीकनसारखे उपायही निघाले आहेत. पण ठिपका अगदी हातभर अंतरापर्यंत अचूक केला तरी त्या करड्या चौकोनाचं काय करायचं? एक्स-रे विभाग कुठे आहे, त्याचं दार कुठल्या कॉरिडॉरमध्ये उघडतं, व्हीलचेअर घेऊन तिथवर जाता येतं का, यातलं काहीच त्या चौकोनात नसतं.

ही माहिती नव्याने गोळा करावी लागते असं वाटेल. पण जवळपास प्रत्येक मोठ्या इमारतीचे फ्लोअर प्लॅन कुठेतरी पडलेले असतात: आर्किटेक्टच्या ऑफिसात, देखभाल विभागाच्या कपाटात, नाहीतर कुणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये. मग ते प्लॅन घ्यावेत, कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये टाकावेत आणि नकाशा बाहेर काढावा, इतकं सोपं काम असायला हवं. ते तसं का नाही, आणि या प्रवासात नेमकं काय काय करावं लागतं, ते या लेखात उलगडून सांगायचा प्रयत्न आहे.

अडचणीचं मूळ एकच आहे. प्लॅन इमारत बांधणाऱ्यासाठी काढलेला असतो आणि नकाशा तिच्यात चालणाऱ्यासाठी लागतो. बांधणाऱ्याला भिंत कुठे उभी करायची, किती जाडीची, दाराला किती जागा सोडायची हे हवं असतं. चालणाऱ्याला भिंतींशी काही देणंघेणं नसतं. त्याला भिंतींच्या मधली मोकळी जागा हवी असते आणि एका जागेतून दुसरीत कसं जायचं ते कळायला हवं असतं. ही दुसरी माहिती प्लॅनमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. ती रेघांवरून ओळखून काढावी लागते.

प्लॅनमध्ये काय असतं आणि काय नसतं

फ्लोअर प्लॅन म्हणजे इमारतीचा आडवा छेद. जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर इमारत सपाट कापली आणि वरून खाली पाहिलं, तर जे दिसेल ते. म्हणून खिडक्या आणि दारं छेदात येतात. कापलेल्या पातळीच्या वर असलेल्या गोष्टी, म्हणजे बीम, वरचे कपाटाचे खण, छताचा पुढे आलेला भाग, तुटक रेघांनी दाखवतात. जिना अर्ध्यावर कापला जातो, म्हणून त्यावर तिरकी नागमोडी रेघ असते आणि चढाची दिशा सांगणारा बाण असतो.

याशिवाय प्लॅनवर मापरेषा असतात, स्तंभांची ए-बी-सी आणि १-२-३ अशी जाळी असते, भिंतींच्या आत भरलेल्या तिरप्या रेघा असतात, फर्निचर, संडास-बेसिनची चिन्हं, फरशीची नक्षी आणि कोपऱ्यात नाव-तारीख-प्रमाणाची चौकट असते. माणसाची नजर यातून दोन क्षणांत खोल्या वेगळ्या काढते. संगणकाला मात्र भिंतीची रेघ, टेबलाची कड आणि मापरेषा या तिन्ही सारख्याच दिसतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक रेघ. 'खोली' नावाची वस्तू साध्या कॅड ड्रॉइंगमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉइंगमध्ये, सहसा नसतेच. 'खोली क्रमांक २१४' अशी अक्षरं असतात आणि त्यांच्या आसपास काही रेघा असतात. ती अक्षरं आणि त्या रेघा यांचा एकमेकांशी संबंध आहे हे फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यात असतं.

बीआयएम मॉडेल, म्हणजे इमारतीचा प्रत्येक भाग नावानिशी नोंदवलेलं संगणकातलं मॉडेल, मिळालं तर गोष्ट वेगळी. आयएफसी या खुल्या प्रमाणात, ज्याचा आयएसओ क्रमांक १६७३९ आहे, भिंत ही भिंत म्हणून, दार हे दार म्हणून आणि खोली ही जागा म्हणून नोंदवलेली असते. अशी फाइल हाती लागली तर अर्ध्याहून जास्त काम वाचतं. पण जुन्या इमारतींची अशी मॉडेल्स मिळणं दुर्मीळ. मिळतात ती तीन प्रकारची कागदपत्रं: ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ फाइल, पीडीएफ, आणि कागदाचा स्कॅन.

पीडीएफ दिसते एक, असते दुसरीच

पीडीएफ हातात आली की पहिली तपासणी एवढीच: ती खूप मोठी करून पाहा. रेघा शेवटपर्यंत धारदार राहिल्या तर आत खऱ्या रेघा आहेत, म्हणजे ती व्हेक्टर पीडीएफ आहे. रेघांच्या कडा दातेरी किंवा धूसर झाल्या तर तो पीडीएफच्या पाकिटात घातलेला फोटो आहे. दोन्हींची पुढची वाट अगदी वेगळी असल्यामुळे ही तपासणी पहिल्या मिनिटातच करावी.

स्कॅनमध्ये किती अचूकता शिल्लक असते याचा हिशेब सोपा आहे आणि तो करून पाहण्यासारखा आहे. ३०० डीपीआय म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल कागदावर सुमारे ०.०८५ मिलिमीटर. प्लॅनचं प्रमाण १:१०० असेल तर हा एक पिक्सेल प्रत्यक्षातले साधारण ८.५ मिलिमीटर व्यापतो. वाट दाखवण्यासाठी हे पुरून उरतं. पण कागदावर अर्ध्या मिलिमीटर जाडीने काढलेली रेघ प्रत्यक्षात ५ सेंटिमीटर होते. आता भिंत त्या रेघेच्या कुठल्या कडेला आहे? नकाशासाठी हा फरक बिनमहत्त्वाचा आहे, मात्र असल्या प्लॅनवरून कुणी क्षेत्रफळ काढायला निघालं तर त्याला थांबवावं.

प्रमाणाच्या बाबतीत एक सापळा फार जणांना अडकवतो. कोपऱ्यातल्या चौकटीत १:१०० लिहिलेलं असतं आणि आपण ते खरं मानतो. पण मूळ ड्रॉइंग ए१ कागदासाठी, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटरसाठी, केलेलं असतं आणि कुणीतरी सोयीसाठी ते ए३ वर छापून पीडीएफ केलेली असते. ए३ ची प्रत्येक बाजू ए१ च्या निम्मी. लिहिलेलं १:१०० तसंच राहतं आणि खरं प्रमाण १:२०० होऊन बसतं. म्हणून चौकटीतल्या आकड्यावर विसंबू नये. प्लॅनवरची एखादी लांब मापरेषा घ्यावी, तिच्यावर लिहिलेलं माप वाचावं, तीच रेघ संगणकावर मोजावी आणि त्या दोहोंवरून प्रमाण काढावं. एकदा आडव्या दिशेत आणि एकदा उभ्या दिशेत. स्कॅन करताना कागद ओढला गेला असेल तर ही दोन उत्तरं वेगळी येतात आणि चूक तिथेच पकडली जाते.

कॅड फाइलमध्ये लेअर असतात, म्हणजे भिंती एका थरावर, दारं दुसऱ्यावर, फर्निचर तिसऱ्यावर. शिस्तीने काम केलेलं असेल तर नको ते थर बंद करायचे आणि साफसफाई संपली. प्रत्यक्षात एकाच इमारतीचे प्लॅन वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी बदललेले असतात. तळमजल्यावर भिंतींचा थर एका नावाचा, तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच नावाचा, आणि नव्याने घातलेल्या पार्टिशनच्या रेघा फर्निचरच्या थरावर. म्हणून थराच्या नावावर भरवसा ठेवण्याआधी प्रत्येक थर एकटा उघडून डोळ्यांनी पाहणं हाच खरा मार्ग आहे. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घालवलेला एक तास पुढचा अख्खा दिवस वाचवतो.

एका दाराची गोष्ट

आता आपण त्या जागी येतो जिथे रेघांमधून खोली जन्माला येते. माझ्या मते सगळ्या कामाचा कस इथेच लागतो.

खोलीचा आकार संगणकाला द्यायचा म्हणजे एक बंद बहुभुज द्यायचा: कोपऱ्यांची अशी यादी जिचा शेवटचा बिंदू पहिल्याच बिंदूवर येतो. ते काढायची सहज सुचणारी रीत म्हणजे खोलीच्या मध्यावर रंग ओतायचा आणि तो भिंतींना अडेपर्यंत पसरू द्यायचा. पण प्लॅनमधली खोली ही भोक असलेल्या हौदासारखी असते. दाराच्या जागी भिंत तुटलेली असते, रंग तिथून कॉरिडॉरमध्ये गळतो, कॉरिडॉरमधून बाकीच्या प्रत्येक खोलीत शिरतो आणि अखेर अख्खा मजला एकच खोली होऊन बसतो.

एक दार जवळून पाहू. खोली आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये २०० मिलिमीटर जाडीची भिंत आहे. प्लॅनवर ती दोन समांतर रेघांनी दाखवली आहे: एक खोलीच्या बाजूची, एक कॉरिडॉरच्या बाजूची. एका ठिकाणी या दोन्ही रेघा ९०० मिलिमीटर तुटतात. तुटलेल्या टोकांना जोडणाऱ्या दोन छोट्या आडव्या रेघा आहेत, त्या चौकटीच्या बाजू. एका बाजूपासून ९०० मिलिमीटरची एक रेघ खोलीत आत गेलेली आहे, ती दाराची फळी. आणि फळीच्या टोकापासून चौकटीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत एक पाव वर्तुळ आहे, ते दार उघडताना फळी जिथून फिरते तो मार्ग.

हे पाव वर्तुळ म्हणजे कामाची खूण. प्लॅनमध्ये नव्वद अंशाचे, ७०० ते १२०० मिलिमीटर त्रिज्येचे कंस शोधले तर बहुतेक सगळी दारं सापडतात. कंसाचा केंद्रबिंदू म्हणजे बिजागरी, त्रिज्या म्हणजे फळीची रुंदी, आणि कंस कुठल्या बाजूला फुगला आहे त्यावरून दार कुणीकडे उघडतं तेही कळतं. दार सापडलं की फळी आणि कंस पुसायचे आणि तुटलेल्या दोन्ही रेघा चौकटीपासून चौकटीपर्यंत जोडून घ्यायच्या. खोली बंद झाली, कॉरिडॉर बंद झाला, रंग गळायचा थांबला. पण ज्या रेघेने भोक बुजवलं ती फेकून द्यायची नाही. तिला वेगळं नाव देऊन जपून ठेवायचं, कारण नकाशात दार म्हणजे तीच ९०० मिलिमीटरची रेघ. ती हरवली तर खोल्या सुंदर दिसतील, पण एकाही खोलीत शिरता येणार नाही.

पुढचा निर्णय भिंतीच्या जाडीचा. भिंत नकाशात ठेवायची की काढून टाकायची? ठेवली तर खोलीचा बहुभुज आणि कॉरिडॉरचा बहुभुज यांच्यामध्ये २०० मिलिमीटरची फट राहते आणि दाराची रेघ दोघांपैकी कुणा एकालाच चिकटते. काढली तर दोन्ही बहुभुज भिंतीच्या मध्यरेषेपर्यंत वाढवायचे, त्यांची कड एकच होते आणि दार त्या सामाईक कडेवर नेमकं बसतं. वाट दाखवण्यासाठी दुसरी रीत मला जास्त सरळ वाटते. कुठलीही घेतली तरी सगळ्या इमारतीत तीच पाळायला हवी. शेवटी एक तपासणी लावायची: प्रत्येक दार बरोबर दोन जागांना जोडतं का? बाहेरच्या दाराच्या बाबतीत एक जागा आणि एक बाहेर. जे दार एकाच जागेला किंवा तिघांना चिकटलं असेल तिथे काहीतरी बिघडलेलं आहे हे नक्की.

सगळीच दारं कंस काढून येत नाहीत. सरकत्या दाराला कंस नसतो. दोन पाखांच्या दाराला दोन असतात. गोल फिरणाऱ्या दाराचं चिन्ह वेगळंच. काही ठिकाणी नुसती मोकळी कमान असते. त्यात ड्रॉइंग करणाऱ्याच्या हातून राहिलेल्या फटी असतात, दोन रेघा कोपऱ्यात २० मिलिमीटरने भेटायच्या राहिलेल्या. सॉफ्टवेअरला सांगता येतं की अमुक मापापेक्षा लहान फट आपणहून बुजव. हे माप फार लहान ठेवलं तर गळती राहते, फार मोठं ठेवलं तर खरोखरचा अरुंद बोळ बुजतो. कुठल्याही दारापेक्षा हे माप बरंच लहान हवं, एवढा एक नियम पाळला तर बहुतेक वेळा निभावतं.

आणि जिथे भिंतच नाही तिथे? मोठ्या हॉलमध्ये स्वागतकक्ष कुठे संपतो आणि बसायची जागा कुठे सुरू होते, हे कुठलीच रेघ सांगत नाही. तिथे माणसाने ठरवून रेघ ओढावी लागते. माणसं जिथून वळतात, जिथे पाटी लागलेली असते, तिथे ती ओढलेली बरी.

यंत्राला किती जमतं

स्कॅनवरून भिंती ओळखण्याचे प्रयत्न जुने आहेत. चित्रातल्या सरळ रेघा शोधण्याची हफ ट्रान्सफॉर्म ही पद्धत १९६२ च्या पेटंटमधून आलेली आहे आणि आजही तिचा उपयोग होतो. गेल्या दशकात उदाहरणांवरून शिकणारी न्यूरल नेटवर्क आली. २०१७ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत नेटवर्क आधी फक्त भिंतींचे सांधे आणि कोपरे ओळखतं आणि मग गणिताने ठरवतं की कुठले कोपरे जोडले तर सुसंगत खोल्या तयार होतात. ही कल्पना मला फार आवडते, कारण तिच्यात रेघेपेक्षा खोलीच्या बंद आकाराला महत्त्व आहे. २०१९ मध्ये क्युबिकासा५के नावाचा ५,००० प्लॅनचा संच संशोधनासाठी खुला झाला, त्यात भिंती, दारं, खोल्या यांच्यावर हाताने खुणा केलेल्या आहेत.

पण ते प्लॅन राहत्या घरांचे आहेत. दोन-तीन खोल्यांच्या घरावर शिकलेलं यंत्र दोनशे खोल्यांच्या रुग्णालयासमोर गोंधळलं तर नवल नाही. शिवाय प्रत्येक आर्किटेक्टची चिन्हं थोडी वेगळी. यंत्राने पहिला मसुदा करावा आणि माणसाने तो दार-दार तपासावा, हीच विभागणी मला सध्या योग्य वाटते. शंभरातली पंच्याण्णव दारं बरोबर ओळखली हा आकडा कानाला छान वाटतो. पण चुकलेल्या पाचांत अतिदक्षता विभागाचं दार असेल तर?

इमारत पृथ्वीवर बसवणं

आतापर्यंतचं सगळं काम ड्रॉइंगच्या स्वतःच्या मापात चाललं होतं. डाव्या खालच्या कोपऱ्याला शून्य धरून मिलिमीटरमध्ये. ड्रॉइंगमधली वरची दिशा म्हणजे उत्तर असेलच असं नाही. आर्किटेक्ट कागदावर इमारत सरळ बसावी म्हणून ती फिरवून घेतात आणि खऱ्या उत्तरेचा बाण कोपऱ्यात काढतात. नकाशाला मात्र अक्षांश-रेखांश लागतात.

दोन्ही जगं जोडायची ती ओळखीच्या बिंदूंवरून. ड्रॉइंगमधला इमारतीचा एक कोपरा आणि त्याच कोपऱ्याचे खरे अक्षांश-रेखांश, अशी एक जोडी. अशा दोन जोड्या मिळाल्या की चार गोष्टी काढता येतात: आडवं सरकवणं, उभं सरकवणं, फिरवणं आणि लहानमोठं करणं. तेवढ्याने आकार न बिघडता प्लॅन जागेवर बसतो. तीन जोड्या असतील तर स्कॅनमधला तिरकेपणा आणि दोन दिशांतला असमान ताणही सुधारता येतो. तरी मी म्हणेन की किमान चार-पाच बिंदू घ्यावेत आणि ते इमारतीच्या टोकांना, एकमेकांपासून लांब असावेत. जास्तीचे बिंदू चूक उघडी पाडतात. चार बिंदू २० सेंटिमीटरच्या आत बसले आणि पाचवा दोन मीटर बाहेर पडला, तर त्या पाचव्याशी काहीतरी गफलत आहे. बिंदू दोनच असतील तर ते नेहमीच चपखल बसतात आणि गफलत लपून राहते.

फिरवण्यातली चूक किती महाग पडते ते पाहा. शंभर मीटर लांबीची इमारत केवळ एक अंशाने चुकीची फिरली, तर तिचं दुसरं टोक सुमारे १.७५ मीटर सरकतं. एवढ्यात कॉरिडॉरमध्ये चालणारा माणूस नकाशावर शेजारच्या खोलीत दिसतो.

खरे अक्षांश-रेखांश बरेच जण उपग्रहाच्या छायाचित्रावरून घेतात. तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. छायाचित्र अगदी डोक्यावरून घेतलेलं नसतं, त्यामुळे उंच इमारत कलंडल्यासारखी दिसते आणि छताचा कोपरा पायथ्याच्या कोपऱ्यापासून काही मीटर दूर पडतो. आपल्याला पायथा हवा, छत नको. शिवाय छताचा सज्जा भिंतीच्या पुढे आलेला असतो तो वेगळाच.

आणखी एक चूक गणिताची आहे. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर या प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या एका रीतीत, काढलेले असतात आणि त्यात विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं फुगत जातं. ४५ अंश अक्षांशावर लांबी सुमारे १.४१ पट होते, ६० अंशांवर दुप्पट. त्या मापात प्लॅनचे मीटर थेट टाकले तर ६० अंशांवर इमारत निम्म्या आकाराची बसते. विषुववृत्ताजवळ काम करणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, म्हणूनच ही चूक टिकून राहते. त्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात, म्हणजे खऱ्या मीटरच्या अगदी जवळ राहणाऱ्या स्थानिक प्रक्षेपात, काम करावं आणि अगदी शेवटी अक्षांश-रेखांशात बदलावं.

दशांश स्थळांचाही अंदाज असू द्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दशांशानंतर पाच आकडे ठेवले तर अचूकता एका मीटरच्या आसपास, सात ठेवले तर एका सेंटिमीटरच्या आसपास. पाचावर कापलं तर दारं भिंतींवरून निसटतात. सात पुरे.

मजले एकावर एक

एक मजला जागेवर बसला की बाकीचे त्याच्यावर रचायचे. इथे एक सोपी युक्ती उपयोगी पडते: लिफ्टचा खड्डा. तो सगळ्या मजल्यांतून सरळ उभा जातो, त्याचे कोपरे प्रत्येक प्लॅनवर स्पष्ट असतात. तळमजला नीट बसवावा आणि वरचे मजले लिफ्टच्या खड्ड्यावर खड्डा ठेवून जुळवावेत. प्रत्येक मजला उपग्रहाच्या चित्रावर वेगळा बसवत गेलो तर प्रत्येकाची चूक वेगळी होते आणि जिना चढताना माणूस मीटरभर बाजूला उडी मारतो.

मजल्याला नाव आणि क्रमांक वेगवेगळे द्यावे लागतात. काही देशांत जमिनीलगतचा मजला पहिला, काहींत त्याच्या वरचा पहिला. काही इमारतींत १३ वा मजलाच नसतो. लिफ्टमधल्या बटणावर 'एल', 'एम', 'पी२' अशी अक्षरं असतात. माणसाला बटणावर दिसणारं नाव दाखवायचं आणि संगणकासाठी साधा क्रम ठेवायचा: जमिनीलगतचा शून्य, वर एक-दोन-तीन, तळघर उणे एक.

माहिती कुठल्या साच्यात ठेवायची

साचे अनेक आहेत, पण गोंधळून जायचं कारण नाही. अॅपलने तयार केलेला आयएमडीएफ २०२१ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियम या संस्थेने सामुदायिक प्रमाण म्हणून स्वीकारला. तो साध्या जिओजेसन फाइलींचा, म्हणजे नकाशातले आकार मजकुरात लिहून ठेवणाऱ्या फाइलींचा, गठ्ठा आहे: इमारत, मजले, जागा, दारं प्रत्येकी वेगळ्या फाइलीत. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. जागा आणि त्या जागेत असलेलं दुकान किंवा विभाग यांची नोंद त्यात वेगळी असते. विभाग हलला तर भिंतींना हात लावावा लागत नाही. त्याच संस्थेचं २०१४ चं इनडोअरजीएमएल हे प्रमाण जागांच्या आकारापेक्षा त्यांच्या जोडणीवर भर देतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्येही आतल्या खोल्या, कॉरिडॉर आणि मजले नोंदवायची एक साधी पद्धत आहे, आणि सार्वजनिक इमारतींसाठी ती चांगली चालते.

जिओजेसनबद्दल एकच सूचना: त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. हे उलटं झालं तर इमारत भलत्याच खंडात किंवा समुद्रात सापडते.

वाट कशी निघते

जागा आणि दारं तयार झाली की वाटेचं जाळं विणायचं. प्रत्येक दार एक बिंदू. एकाच जागेत उघडणाऱ्या दारांना जोडणाऱ्या रेघा. या जाळ्यावर सर्वांत जवळचा मार्ग काढायचं गणित १९५९ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी मांडलं आणि तेच आजही पायाभूत आहे. चौकोनी खोलीत दार ते दार सरळ रेघ चालते. पण कॉरिडॉर वळणाचा असेल तर सरळ रेघ भिंतीतून जाते, म्हणून त्याची मध्यरेषा काढून तिच्यावरून वाट न्यावी लागते.

जिने, लिफ्ट आणि सरकते जिने मजल्यांना जोडतात, आणि प्लॅन सगळ्यात कमी बोलतो तो इथेच. लिफ्टचा खड्डा पाच मजल्यांवर दिसतो, पण ती लिफ्ट चौथ्यावर थांबते का? सरकता जिना वर जातो की खाली? आणीबाणीचं दार बाहेरून उघडतं का? रात्री कुठलं दार कुलूपबंद असतं? याची उत्तरं इमारतीतच मिळतात.

सगळ्यात जपायची गोष्ट आहे ती पायऱ्यांची. एकाच मजल्यावर कॉरिडॉरमध्ये कधी दोन-तीन पायऱ्या असतात, जिथे जुनी आणि नवी इमारत जोडलेली असते तिथे हमखास. प्लॅनवर त्या फक्त तीन आडव्या रेघा असतात, एका छोट्या बाणासह. साफसफाईत त्या फरशीची नक्षी समजून पुसल्या जातात. चालणाऱ्याला फरक पडत नाही, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला आपला नकाशा खात्रीने एका अशा जागी नेऊन सोडतो जिथून पुढे जाता येत नाही. म्हणून समांतर रेघांचा कुठलाही छोटा गट पुसण्याआधी विचारावं: ही पायरी तर नाही? आणि दाराची जी रुंदी आपण कंसावरून काढली ती जपून ठेवावी, कारण व्हीलचेअर जाईल की नाही ते तिच्यावर ठरतं. फळीची रुंदी आणि प्रत्यक्ष मोकळी रुंदी यांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो, तो वजा करावा.

शेवटी चालून पाहणं

प्लॅनवर छापलेली तारीख बघा. मंजुरीचा प्लॅन असेल तर इमारत तशीच बांधली गेली असेल याची खात्री नाही. बांधकाम झाल्यावर केलेला, प्रत्यक्ष स्थिती दाखवणारा प्लॅन मिळाला तर तोच घ्यावा. तरीही मधल्या काळात पार्टिशनं उभी राहतात, दारं बुजतात आणि खोल्यांचे क्रमांक बदलतात. प्लॅनवरचा २१४ आणि दारावरच्या पाटीवरचा २१४ एकच असेल असं नाही, आणि शोधणाऱ्याच्या हातात असतो तो पाटीवरचा क्रमांक.

म्हणून तयार नकाशा टॅबवर घेऊन प्रत्येक मजला चालावा. सगळं मोजायची गरज नाही. दार आहे का, पाटीवर काय लिहिलंय, पायऱ्या कुठे आहेत, एवढं पाहिलं तरी बहुतेक चुका निघतात. काही ठिकाणी मोकळी रुंदी टेपने मोजावी आणि प्लॅनशी ताडून पाहावी.

इमारतीची आतली सगळी माहिती सगळ्यांसाठी नसते हेही याच वेळी ठरवावं. सर्व्हर रूम, औषधांचं कोठार, सुरक्षा विभाग यांचे आकार सार्वजनिक नकाशात द्यायचं कारण नाही. आयएमडीएफमध्ये जागेवर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असा शेरा मारता येतो, पण शेरा मारलेली माहितीही फाइलीत असतेच. जी बाहेर जायला नको ती फाइलीतूनच काढावी. आणि मुळात प्लॅन वापरायची इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी काम सुरू करण्याआधी घेतलेली असावी.

स्वतः करून पाहायचं असेल तर दहा-पंधरा खोल्यांचा एकच मजला घ्या. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात प्लॅन पृथ्वीवर बसवायचं साधन आहे. आधी इमारतीचा बाहेरचा आकार, मग लिफ्ट आणि जिने, मग कॉरिडॉर, मग खोल्या आणि प्रत्येक खोलीबरोबर लगेच तिचं दार, या क्रमाने जा. दारं शेवटी एकदम टाकू म्हणून मागे ठेवू नका, कारण तोवर कुठली फट दाराची होती आणि कुठली ड्रॉइंगमधली चूक होती हे आठवत नाही.